पीडीएफ पुरे म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा की

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरूलाय बघा. पुस्तकात आणि पीडीएफमध्ये मजकूर एकच, म्हणून समजतंय पण तेवढंच, आजची पोरं मोबाईलवरच वाढलीत, वर वेळ वाचतोय, मग एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, पोरांना छापील पुस्तकाचा खर्च कशाला?

मजकूर एकच, मान्य. पण समजतंय तेवढंच हे खोटं. 2018 मध्ये पाब्लो डेलगाडो हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कागदावरचं नि स्क्रीनवरचं वाचन ताडून बघणारे 2000 ते 2017 मधले 54 अभ्यास एकत्र मांडले, वाचक 1 लाख 70 हजारांच्या वर, आणि कागदावर वाचणाऱ्यांना जास्त समजलं होतं. फरक लहान आहे, हेही सांगायला पाहिजे, नाहीतर आपण आणि फॉरवर्डवाले एकाच माळेचे मणी. निव्वळ गोष्टी वाचताना तर फरक दिसलाच नाही. दिसला तो माहितीच्या मजकुरात, म्हणजे समाज विज्ञान नि विज्ञानाचे धडे, आणि पोरांना परीक्षेला तेच असतंय की ओ!

मोबाईलवर वाढलीत हा मुद्दा तर उलटाच पडतोय. सवयीनं फरक मिटणार असता तर 2017 येईपर्यंत कमी व्हायला पाहिजे होता, पण याच अभ्यासांत तो वर्षागणिक वाढलेला दिसला. माझ्या मते सवय लागलीय ती रील सरकवायची, अंगठा थांबतच नाही, आणि मग धडा पण त्याच अंगठ्यानं वर जातोय.

वेळेचं म्हणाल तर, मोजक्या वेळात वाचायला लावलं की कागदाचं पारडं आणखी जड होतंय. 2017 मध्ये अमेरिकेत सिंगर आणि अलेक्झांडर या दोघींनी कॉलेजच्या 90 पोरापोरींना दोन्हीकडं वाचायला दिलं, तर बहुतेकांना वाटलं आपल्याला स्क्रीनवरच जास्त समजतंय. मुख्य विषय दोन्हीकडं सारखाच कळला होता, पण त्यातले मुद्दे कागदावर वाचलेलेच जास्त आठवले. घरात "झालं माझं वाचून" म्हणणाऱ्या पोराला धड्यातली चार कारणं विचारून बघा, पहिलं सांगून वर बघत बसतंय.

राहिला खर्च. तो मी उडवून लावणार नाही, खानापूरच्या जंगलातल्या एखाद्या वाडीत मराठी माध्यमाचं पुस्तक वेळेवर आलं नाही तर पीडीएफच आधार. पण मग अडलेला धडा तेवढा झेरॉक्सवाल्याकडनं पाठपोट काढून आणा आणि पोराच्या हातात पेन्सिल द्या. गोष्टी वाचू दे की खुशाल मोबाईलवर.