लाल गोल

आज सकाळपासून डोकं फिरलंय.

रविवार. मिसळ चापून झाली होती, ताकही झालं होतं, आता जरा आडवं व्हावं म्हटलं तर मोबाईल वाजला. पालकांचा ग्रुप. पोरांच्या बास्केटबॉल टीमची, चौदा वर्षांखालची, काल मॅच होती आणि एका पॉईंटने गेली. कुणा एका बाबांनी शेवटच्या बास्केटची अकरा सेकंदांची क्लिप टाकली होती. त्यात आपल्याच टीमच्या सेंटरभोवती, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच पोराभोवती, लाल गोल काढलेला. खाली लिहिलंय, 'मॅच इथे गेली.' पुढे तीन हसून हसून रडणारे चेहरे. त्याखाली आणखी सहा जणांचे तसलेच चेहरे.

पोरगं तेरा वर्षांचं आहे हो. उंची अचानक वाढलीय, स्वतःचे हातपाय कुठे ठेवायचे ते त्याला अजून कळत नाही. त्याच्याभोवती गोल काढता? त्याची आईसुद्धा आहे त्या ग्रुपवर. तिने काहीच लिहिलं नाही. क्लिप तिने बघितली, एवढं मात्र मला दिसलं.

मी ती क्लिप वीसेक वेळा तरी पाहिली असेल. बास्केटबॉल थोडाफार खेळलेला माणूस ती बघेल तर पहिल्या दोन सेकंदांत त्याला कळेल की मॅच कुठे गेली. समोरच्या टीमचा गार्ड, म्हणजे बाहेरून बॉल आणणारा, डाव्या बाजूने आपल्या पोराला खांद्याने मागे टाकून सरळ आत घुसतो. सेंटर स्वतःचा माणूस सोडून त्याला अडवायला पुढे येतो. यायलाच पाहिजे, नाहीतर फुकटचा लेअप, म्हणजे रिंगजवळून सोपी बास्केट. गार्ड हुशार, बॉल खाली सरकवतो, सेंटरचा सुटलेला माणूस बोर्डावर टेकवून टाकतो. आता पलीकडच्या बाजूला आपली दोन पोरं आहेत. त्यातल्या एकाने खाली सरकून त्या सुटलेल्या माणसाला धरायचं असतं. एकजण कमरेवर हात ठेवून उभाय. दुसरा बॉलकडे बघतोय, जणू तिकीट काढून आलाय. आणि कॅमेरा कुठे? रिंगखाली. तिथे कोण दिसतं? सेंटर. हात वर, तोंड उघडं, एक पाऊल उशिरा.

झाला गुन्हेगार तयार. चोर सोडून संन्याशाला सुळी.

आमच्याही टीममध्ये एक असा संन्यासी होता. 1996, मी नववीत. त्याला आम्ही 'टाकी' म्हणायचो, कारण तो कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीसारखा उंच, रुंद आणि जागचा न हलणारा. आंतरशालेय सामना, सिमेंटचा कोर्ट, रिंगला जाळी नाही, त्यामुळे बॉल आत गेला की बाहेरून हे भांडण प्रत्येक वेळी. आम्ही 31-30 ने पुढे. शेवटचे काही सेकंद. हुबेहूब आजच्या क्लिपसारखं झालं. गार्ड आत आला, टाकी पुढे गेला, पास खाली, बास्केट, शिट्टी. 32-31. टाकीच्या माणसाने केली ना बास्केट? मग टाकीची चूक. सगळ्या शाळेने ठरवून टाकलं. त्यानंतर वर्षभर तो पाणी प्यायला गेला तरी मागून कुणीतरी म्हणायचं, 'टाकी लीक झाली.'

आता तुम्ही म्हणाल पोरांचं काय घेऊन बसलास, पण मोठ्यांचं तरी काय वेगळं आहे? आमचा एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, बघणाऱ्यांचा एक कंपू आहे. जूनमध्ये फायनल असली की सकाळी सहाला उठून बघतो, अंघोळ नंतर करतो. त्यातल्या शहाण्यांनासुद्धा रूडी गोबेरचं, युटाच्या तेव्हाच्या सेंटरचं, नाव काढलं की हसू येतं. चार वेळा लीगचा सर्वोत्तम डिफेंडर ठरलेला माणूस आहे तो! पण लोकांना आठवतं काय, तर 2021 ची क्लिपर्सविरुद्धची सहावी मॅच. युटाची टीम त्या सीझनला 72 पैकी 52 मॅच जिंकून लीगमध्ये अव्वल. समोर क्लिपर्सचा स्टार कवाय लेनर्ड जखमी होऊन बाहेर. युटा 25 पॉईंटने पुढे. आणि हरले, 131-119. क्लिपर्सच्या टेरन्स मानने 39 पॉईंट मारले, त्यात सात थ्री, म्हणजे लांबून मारलेल्या तीन पॉईंटच्या बास्केट. मान कुणाचा माणूस? गोबेरचा. संपला विषय, गोबेर बाहेर येऊन डिफेन्स करू शकत नाही, लिहा पाटीवर.

अरे पण ती मॅच बघा ना नीट. क्लिपर्सने पाचही माणसं बाहेरून मारणारी ठेवली. मान कोपऱ्यात उभा. बाहेर युटाचे गार्ड पहिल्याच ड्रिबलला मागे पडतायत. एकजण दुखापतीतून नुकताच आलेला, दुसरा लंगडतोय, मान्य. पण मागे पडतायत हे खरं. मग तो सात फूट एक इंचाचा माणूस रिंग वाचवायला आत येणार की कोपऱ्यात मानला मिठी मारून बसणार? आत आला तर कोपऱ्यातून थ्री. कोपऱ्यात राहिला तर लेअप, आणि मग तुम्हीच ओरडणार की एवढा मोठा डिफेंडर आणि रिंग मोकळी सोडतो. दोन्हीकडून मार त्यालाच. आणि ज्यांनी दार उघडं टाकलं ते बाजूला उभे, दोन्ही हात पसरून, 'काय हे' अशा चेहऱ्याने. ते हात पसरणं मला कुठेही ओळखू येतं.

आमचे शाळेतले सर मॅन टू मॅनच, म्हणजे प्रत्येकाने आपापला माणूस धरायचा असंच, खेळवायचे आणि त्यांचा नियम एकच. 'ज्याच्या माणसाने बास्केट केली त्याची चूक.' ज्याची चूक त्याला मैदानाला दहा चकरा. सोपा हिशोब. सर मनाने वाईट नव्हते, स्वतःच्या पैशाने आम्हाला केळी आणायचे, त्यांच्याविषयी वाकडं बोलायचं नाही मला. पण त्या नियमाने आम्हाला काय शिकवलं माहितीये? आपला माणूस सोडायचा नाही. शेजारी आग लागली तरी आपला माणूस सोडायचा नाही. मदतीला गेलात तर चकरा तुम्हाला. जो जागेवर राहिला तो सुरक्षित. एनबीएतसुद्धा 2001 पर्यंत झोनला, म्हणजे माणसाऐवजी जागा राखायच्या डिफेन्सला, बंदी होती, त्यामुळे 'तुझा माणूस, माझा माणूस' असा हिशोब करायला तिथे निदान काही आधार होता. आपल्या शाळांच्या खेळाला ती बंदी कधी नव्हतीच. नियम सरांचा होता, आणि आम्हाला तो सोयीचा होता.

टाकी एकटाच मदतीला जायचा. त्या सीझनला सगळ्यात जास्त चकरा त्याच्याच झाल्या. पांढरा गंजी पाठीला चिकटलेला, कॅनव्हासचे बूट, डाव्या बुटाच्या पुढच्या भोकातून बाहेर आलेला अंगठा. तो पळायचा आणि आम्ही नळापाशी बसून मोजायचो. मोजताना मुद्दाम एक खायचो, म्हणजे त्याची एक वाढायची.

अंबडला आमच्या कंपनीत हेच चालतं, उगीच खेळाला का नावं ठेवू. कस्टमरकडे खराब पीस गेला की पहिला फोन फायनल इन्स्पेक्शनच्या पोराला. तू कसा पास केलास? अरे, मशीनवर सेटिंग चुकलं, मधे दोघांनी बघून न बघितल्यासारखं केलं, टूल कधीच संपलेलं, आणि हा बिचारा शेवटच्या टेबलावर शिक्का घेऊन बसलाय म्हणून चूक त्याची! भिंतीवर 'पाच वेळा का विचारा' असा तक्ता लावलाय. आम्ही एकदाच विचारतो, 'कोण होता?'

हां, काही खेळाडू खरंच डिफेन्स करत नाहीत, एवढं मान्य. रेफ्रीशी वाद घालत उभं राहायचं आणि बाकीच्या चौघांनी पाचांशी खेळायचं, हा लुका डॉन्चिचचा आजार आहे आणि तो माझा लाडका असूनही मी ते म्हणतो. 2024 च्या फायनलला, तो डॅलसकडून खेळत होता तेव्हा, तिसऱ्या मॅचमध्ये बोस्टनवाले त्याला शोधून शोधून खेळले. जो लुकासमोर असेल त्यालाच स्क्रीनला, म्हणजे वाटेत आडवं उभं राहायला, बोलवायचं, स्विच करायला, म्हणजे आपापली माणसं बदलायला लावायचं आणि मग मोकळ्यात त्याच्यावर चाल करायची. चार मिनिटं शिल्लक असताना तो सहा फाऊल करून बाहेर. चूक त्याची होतीच. झालं समाधान? पण पुढे डॅलसने त्याला 2025 च्या फेब्रुवारीत लेकर्सला देऊन टाकलं आणि कारण काय सांगितलं, तर डिफेन्सने चॅम्पियनशिप मिळते. एका माणसाभोवती लाल गोल काढला आणि त्याला टीमबाहेर फेकला, की उरलेल्यांचा डिफेन्स आपोआप होणार! तो निर्णय घेणाऱ्या साहेबांना त्याच नोव्हेंबरात घरी जावं लागलं. (आणि गंमत ऐका, लुकाच्या लेकर्सना त्या वर्षी पहिल्याच फेरीत मिनेसोटाने 4-1 ने घालवलं, शेवटच्या मॅचला 27 पॉईंट आणि 24 रिबाऊंड कुणाचे? तोवर मिनेसोटात गेलेल्या गोबेरचे. एवढ्यासाठी तरी मी त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटायला हवे होते.)

2004 च्या फायनलचं डेट्रॉईट आठवा. समोर लेकर्सचे मोठमोठे स्टार, शॅक, कोबी, मलोन, पेटन. डेट्रॉईटच्या एकट्या बेन वॉलेसने शॅक थांबणार होता का? ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, कुणी न घेतलेला माणूस तो. पण तो एक पाऊल सरकला की मागची जागा भरायला दुसरा आलेला असायचा, दुसऱ्याच्या जागी तिसरा. तिसऱ्या मॅचला लेकर्स 68 वर अडकले. सिरीज 4-1 ने डेट्रॉईटची. त्यातली एकही क्लिप ग्रुपवर फिरत नाही, कारण एक पाऊल सरकण्याला गोल काढायचा कुठे?

बरं. चहा घेऊन आलो. वरचं सगळं परत वाचलं आणि एक गोष्ट मी शिताफीने टाळलीय असं लक्षात आलं.

1996 च्या त्या मॅचमध्ये तो गार्ड आत कसा आला, ते मी लिहिलं नाही. तो माझा माणूस होता.

त्याने उजवीकडे नजर टाकली, मी नजरेला भुललो, तो डावीकडून गेला. मी वळलोसुद्धा नाही. पाय रोवून तिथेच उभा राहिलो आणि बास्केट झाल्यावर काय केलं असेल? दोन्ही हात पसरले. टाकीकडे बघून. 'काय हे?' सर ओरडले, 'कुणाचा माणूस होता तो?' आणि टाकीने हात वर केला. खाली पडलेला बॉल उचलता उचलता त्याने हात वर केला. खरंच होतं ना, बास्केट करणारा माणूस त्याचाच होता. नियमाप्रमाणे तोच. मी नळावर जाऊन तोंड धुतलं. 'टाकी लीक झाली' हे पहिल्यांदा कोण म्हणालं, तेही आता विचारू नका.

दहावीत त्याने खेळ सोडला. परवापरवापर्यंत मी लोकांना सांगायचो, अभ्यासामुळे सोडला.

आणि आता आजच्या क्लिपचं. तिच्या अगदी सुरुवातीला, कॅमेरा रिंगकडे वळायच्या आधी, डाव्या कडेला एक कोपर दिसतं आणि एक निळा बूट. पुढे तो भाग फ्रेमच्या बाहेर जातो. तो निळा बूट ऑगस्टमध्ये कॉलेज रोडवरून मीच घेऊन दिलाय. घेताना एक नंबर मोठा घेतला, पुढच्या वर्षीही चालावा म्हणून.

कळलं ना आता वीस वेळा का बघितली ते.

ग्रुपवर मी अजून काही लिहिलेलं नाही. तीनदा टाईप केलं, तीनदा खोडलं. फेसबुकवर दीड हजार शब्द खरडायला काही लागत नाही, तिथे एक ओळ लिहायला बोट उठेना. इथे तुम्ही सगळे आपले आहात. तिथे माझ्या पोराचं नाव आहे. बघा, अजूनही मी तेच करतोय.

दुपारी त्याला क्लिप दाखवली. वाटलं होतं, गप्प बसेल, नाहीतर रडेल. त्याने बघितली, मागे घेतली, परत बघितली. म्हणाला, "बाबा, आवाज कुठे गेला याचा?"

"कसला आवाज?"

"मी 'हेल्प' ओरडलो होतो. दोनदा. म्हणून तर तो आला."

क्लिप टाकणाऱ्याने आवाज काढून गाणं लावलं होतं. मी तर तेही बघितलं नव्हतं, मोबाईल सायलेंटवरच होता. आणि मला काय आठवावं, तर मी 1996 ला 'हेल्प'सुद्धा ओरडलो नव्हतो. टाकी न बोलावता आला होता.

पोरगं थोडा वेळ बुटाची नाडी काढत-घालत बसलं. मग म्हणालं, "तो उद्या प्रॅक्टिसला येणार नाही म्हणतोय. मी जाऊन येऊ का त्याच्याकडे?" मी म्हटलं, सोडतो गाडीवर. तर नको म्हणाला, सायकल काढली आणि गेला. पाच वाजता गेलाय. आता साडेसात झाले. आई दोनदा विचारून गेली, खिचडी टाकू का, त्याला गरम लागते. मी म्हटलं, थांब जरा.

टाकी, तू माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेस. माझ्या वाढदिवसाला दरवर्षी केकचं चित्र टाकतोस. तो गार्ड माझा होता रे.

गेटचा आवाज आला. नाही, शेजारचे आहेत.