रिफर्बिश्ड फोन घेताय? अगदी डोळे मिटून घ्या

महिनाभरात ओळखीतल्या तिघांनी विचारलं, ऑनलाईन रिफर्बिश्ड फोन, म्हणजे वापरलेला, ठाकठीक करून परत विकायला काढलेला, घ्यावा का रे? मी या विषयातला तज्ज्ञ झालोय, ११,४९९ रुपये फी भरून, त्यामुळे म्हटलं एकदाच सगळ्यांसाठी लिहून टाकू.

पहिला सल्ला, आमच्या नाशिकच्या एमजी रोडला चुकूनही जाऊ नका. तिथला दुकानदार फोन सरळ तुमच्या हातात देतो. मग तो चालू करून बघा, फोटो काढून बघा, आपलं सिम टाकून घरी "ऐकू येतंय का" विचारा, पाचशे रुपयांसाठी घासाघीस करा, आणि बिघडला तर परत जाऊन त्याच काउंटरवर त्याच माणसाशी भांडा. कोणी सांगितलाय एवढा ताप? शिवाय गाडी लावायला जागा नसते.

दुसरा सल्ला, ग्रेडवर विश्वास ठेवा. सुपर्ब, गुड, फेअर. 'गुड' म्हणजे चांगला असं तुम्हाला शाळेत शिकवलं असेल तर तो शाळेचा दोष. आणि साईटवरचा फोटो हा तुमच्या फोनचा नसतोच, तो त्या मॉडेलच्या तरुणपणचा असतो. स्थळं बघितली असतील तर हे समजावून सांगायला नको.

तिसरा, आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, वगैरे तपासू नका, पंधरा आकडे असतात, डोळे दुखतात.

चौथा, पार्सल कसंही फाडा. व्हिडिओ काढत बसू नका, आपण काय यूट्यूबर आहोत? मी नाही काढला. का नाही काढला ते पुढे कळेलच, म्हणजे मला कळलं तसं.

तर फोन अण्णांसाठी घेतला होता. भजनी मंडळाचा ग्रुप, नातवाचे व्हिडिओ, अजून काय लागतं त्यांना. साईटवर लिहिलेलं, ४७ टेस्ट पास. (पोरीला दहावीला एवढे पेपर नव्हते.) फोन आला, चकचकीत. फक्त कानाला लावतो तिथल्या जाळीत पीठ. खरंच पीठ, बहुतेक ज्वारीचं. म्हणजे आधीची मालकीण भाकऱ्या थापता थापता बोलत असणार, आणि ४७ टेस्टमध्ये टूथब्रशने जाळी साफ करायची टेस्ट नसणार. दोन दिवसांनी फोन तापायला लागला. जानेवारी होता, निफाडकडून वारं येत होतं, अण्णा म्हणाले राहू दे, खिशात ऊब लागते.

मग अंगठा लागेना. स्क्रीनवर अंगठा ठेवून फोन उघडायचा असतो ना, ते. रेशनच्या दुकानातसुद्धा अण्णांचा अंगठा तीन-तीनदा ठेवावा लागतो, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांच्यावरच संशय घेतला, हात धुवा, पुसा, व्हॅसलीन लावा. मग माझाही अंगठा लागेना. शेवटी गेलो एमजी रोडलाच. तिथल्या पोराने फोन काउंटरखाली अंधारात धरला आणि म्हणाला, दादा, हा काळा रंग राखाडी दिसतोय बघा, ओरिजिनल ॲमोलेड स्क्रीन काढून स्वस्तातली एलसीडी कॉपी बसवलीय, याच्यातून खालचा सेन्सर अंगठा वाचतच नाही. अर्धं मिनिट लागलं त्याला. ४७ टेस्ट!

आता पाचवा सल्ला, रिटर्न पॉलिसी. निर्धास्त राहा, सात दिवस असतात. मी सहाव्या दिवशी तक्रार टाकली. चॅटवर मशीनने तीनदा माफी मागितली आणि चौथ्यांदा विचारलं की आपण फोन बंद करून चालू करून पाहिला का. दहाव्या दिवशी पिकअपवाला आला, बिचारा भर दुपारी अंबडवरून आमच्या इंदिरानगरात, त्याच्यावर राग नाही, त्याने त्याच्या ॲपमध्ये टिक करत करत फोन उलटा केला आणि म्हणाला सर मागे स्क्रॅच आहे, फिजिकल डॅमेज, रिटर्न घेता येणार नाही. म्हटलं अरे बाबा तो स्क्रॅच फोनबरोबरच आलाय, तुमच्याच 'गुड' मधला आहे! तर म्हणतो, अनबॉक्सिंगचा व्हिडिओ आहे का? कस्टमर केअरला फोन केला, मी मराठीत, ते हिंदीत, "सर, सिस्टम में रिजेक्टेड शो हो रहा है." मला पण शो होतंय हो, पुढे काय? दुसऱ्या दिवशी मेल, तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे, कृपया पाच स्टार द्या. कोणाची सोडवली? परत तक्रार, परत क्लोज, परत स्टार. तिसऱ्यांदा त्यांना माझी दया आली आणि पाचशेचं कूपन पाठवलं, पंधरा हजारांच्या पुढच्या खरेदीवर! म्हणजे माझ्याच पैशाने मला परत एकदा गंडवायची सवलत.

सहावा की सातवा सल्ला, राहू दे.

लाज वाटत नाही का रे? जुना आहे तर जुना म्हणून विका, लोक घेतात, गरज असते लोकांना. डिस्प्ले बदललाय तर लिहा बदललाय, आम्ही हजार कमी देऊ, विषय संपला. २०२० चे ई-कॉमर्सचे नियम आहेत ग्राहकांसाठी, तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याभरात, तक्रार अधिकाऱ्याचं नाव-नंबर साईटवर. नाव आहे म्हणा, पार तळाला, मुंगीच्या अक्षरात. शेवटी १९१५ ला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन लावला, नंबर मिळालाय तक्रारीचा, बघू.

आणि तुम्ही तिघं, तुम्हालाही सांगतो. पार्सल हातात आल्यापासून व्हिडिओ चालू ठेवा, कापायच्या आधीपासून, चारही बाजू दिसल्या पाहिजेत. *#०६# दाबून येणारा आयएमईआय नंबर बिलाशी ताडून बघा. केवायएम (KYM), मग जागा सोडून तो नंबर, असा एसएमएस १४४२२ वर टाका, नाहीतर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर बघा, ब्लॅकलिस्टेड किंवा डुप्लिकेट आलं तर हातही लावू नका. आठवडा संपायची वाट न बघता पहिल्याच दिवशी अंगठा, कॅमेरा, स्पीकर, चार्जिंग सगळं बघा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि ते मी केलं नाही, गाढवासारखा ४७ टेस्टवर बसलो.

हे पण करायचा कंटाळा असेल तर नंतर मला फोन करून रडू नका. माझा चांगला फोन अण्णांना दिलाय, हा शेगडीसारखा तापणारा सध्या मीच वापरतो, आणि यात तुमचं बोलणं मला ऐकू येणार नाही, त्या जाळीतलं पीठ अजून पूर्ण निघालेलं नाहीये.