साक्षीभाव वेगळा, डीपर्सनलायझेशन वेगळं

नमस्कार,

तुमचं म्हणणं असं की, जागरण झालं की डीपर्सनलायझेशन, म्हणजे आपण स्वतःलाच परके वाटणं, हे कुणालाही होतं, त्याला आजार म्हणून लोकांना घाबरवू नये. शिवाय स्वतःकडे अलिप्तपणे पाहणं म्हणजे साक्षीभावच, तेव्हा अशा माणसाने ध्यान वाढवावं.

जागरणाबद्दल तुमचं बरोबर आहे. अतिथकवा, पॅनिक अटॅक, गांजा किंवा घरातला मृत्यू यांनंतर काही मिनिटं, काही तास सगळं परकं वाटणं सर्रास आढळतं. त्याला आजार कुणीच म्हणत नाही. आजाराचं निदान होतं ते ही अवस्था टिकून राहते किंवा सारखी परतते, अभ्यास-नोकरी अडते, आणि नशा, फिट्स किंवा दुसरा मानसिक आजार हे कारण नसतं तेव्हा. सुरुवात बहुधा सोळाव्या वर्षाच्या आसपास होते. चाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालं तर आधी मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावं.

साक्षीभावाशी तुलना मात्र पटत नाही. साधक ठरवून त्यात जातो आणि परत येतो. इथे माणूस अडकतो. हात धुताना हात आपलेच आहेत हे त्याला पक्कं ठाऊक असतं, तरी ते आपले वाटत नाहीत. बोलताना स्वतःचा आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटतो. आई समोर रडतेय, तिच्यावर आपला जीव आहे हे कळतं, पण आत काहीच हलत नाही, आणि त्याचाच त्याला फार त्रास होतो. हे सगळं भासतंय, खरं नाही, ही जाण शाबूत असते. सायकोसिसमध्ये, म्हणजे वास्तवाशी नातं तुटणाऱ्या मानसिक आजारात, नेमकी तीच सुटते. ‘मला वेड लागतंय’ या भीतीने खचलेल्या मुलांना हे कुणीतरी स्पष्ट सांगायलाच हवं.

या भीतीपोटीच तपासणी सुरू होते: आरशात निरखणं, चिमटे काढणं, ‘आता खरं वाटतंय का?’ असं दर थोड्या वेळाने स्वतःला विचारणं. जितकं तपासावं तितकं परकेपण ठळक होतं. म्हणून डोळे मिटून आत पाहण्याचा सल्ला अनेकांना उलटा पडतो. लक्ष बाहेर न्यायचं: मोठ्याने वाचणं, भाजी चिरणं, कुणाशी बोलत चालणं. आठवडाभर तीव्रता ० ते १० अशी लिहावी, आधी काय घडलं तेही. झोप किती झाली, चिंता कधी वाढली याचा धागा त्यात सापडतो. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत, याच धाग्यावर काम करते. यासाठी खास मान्यताप्राप्त औषध नाही. सोबत नैराश्य किंवा चिंता असेल तर डॉक्टर त्यावर औषध देतात.

कुठे जावं कळत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.