बांधीतलं घरटं आणि सातबारा

वन्यजीव कायदा शेतकऱ्याच्या बाजूने वळवा, अशी मागणी करणारा एक लेख वाचला. पण पिकं खाणाऱ्या रोही (नीलगाय) आणि रानडुकरांपलीकडे तो जात नाही. गोंदियाचा सारस, म्हणजे उंच पायांचा क्रौंच पक्षी घ्या. रोवणी झाली की जोडी धानाच्या बांधीतच (बांध घातलेल्या भातखाचरात), खाजगी सातबाऱ्यावर घरटं रचते. धान आणि गवत उपटून पाण्यात मीटर-दीड मीटरचा ढीग, त्यावर बहुधा दोन अंडी, उबवण महिनाभर.

१९७२ च्या कायद्यात पक्ष्याची अंडी वा घरटं हलवणं हीसुद्धा शिकारच. म्हणजे धुरा (शेताचा बांध) फोडून पाणी सोडावं तर घरटं उघडं पडून कुत्री-कावळे अंडी नेतात. न सोडावं तर निंदण-फवारणी अडते. अडचण सगळी शेतकऱ्याची, वर गुन्ह्याची धास्ती. मग घरटं दिसलं तरी तो बोलत नाही, आणि त्याचं चुकतं असं मला वाटत नाही.

मोबदला हेक्टरी नको, घरट्यामागे हवा. वनरक्षक व तलाठ्याने गट नंबर टाकून पंचनामा करावा, टेपने मोजून भोवतालचा पट्टा सोडावा, निम्मी रक्कम तेव्हाच द्यावी. उरलेली पिल्लं बाहेर पडल्यावर. ती एक-दोन दिवसांतच चालू लागतात, त्यामुळे तपासणी लांबवून चालत नाही. शिवाय पुढच्या हंगामात त्या गटावर नवं बंधन येणार नाही, असं लेखी द्यावं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात १९९५ पासून एका सुतारपक्ष्यासाठी जमीनमालकांशी नवं बंधन न घालण्याची अशीच हमी देणारे करार झाले. धुऱ्यावर फलक मात्र लावू नका, फोटोवाले बांधी तुडवतात.