मनगट मोडलेला बंडखोर

दर १४ एप्रिलला आमच्या घरी मुंबई गोदीतल्या स्फोटाचा विषय निघतोच. १९४४ साली आजी गिरगावातल्या चाळीत राहायची. ती एवढंच सांगायची, "फळीवरची भांडी खाली आली आणि आम्हाला वाटलं, जपानी आले." 'फोर्ट स्टिकिन' बोट, पोटात दारूगोळा आणि त्याच्याच सोबतीला कापसाच्या गाठी. हे सगळं ऐकत वाढलो. पण त्यानंतर तीनच महिन्यांनी, १७ जुलैच्या रात्री, कॅलिफोर्नियातल्या पोर्ट शिकागोच्या धक्क्यावर काय झालं, ते मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

तिथेही बोटीवर दारूगोळाच चढत होता. दोन बोटी, धक्का, मालगाडीचे डबे, सगळं क्षणात गेलं. ३२० माणसं मेली. त्यातली २०२ कृष्णवर्णीय. हा योगायोग नव्हता. गोळे उचलणारे सगळे काळे आणि हुकूम देणारे अधिकारी सगळे गोरे, अशीच तिथली रचना होती.

अमेरिकन नौदलात १९४२ च्या मध्यापर्यंत काळ्या माणसाला भरती व्हायचं तर मेसमध्ये. ताटं वाढा, साहेबाचे बूट पुसा, कपडे धुवायला न्या. पर्ल हार्बरचा डॉरिस मिलर असाच मेसमधला पोरगा. हल्ला झाला तेव्हा तो धुण्याचे कपडे गोळा करत होता. विमानविरोधी तोफ त्याला कुणी शिकवली नव्हती, तरी त्याने ती चालवली. त्याला नेव्ही क्रॉस हे शौर्यपदक मिळालं, आणि १९४३ मध्ये तो बोटीबरोबर बुडाला. पुढे बाकीची खाती काळ्यांना खुली झाली, निदान कागदावर. खलाशी व्हायचं म्हणून भरती झालेली पोरं पोर्ट शिकागोत अक्षरशः हमाली करत होती.

आणि हमाली तरी शिकवावी! दारूगोळा कसा हाताळायचा याचं प्रशिक्षणच नाही. मोठे बॉम्ब फुटूच शकत नाहीत, असं वर सांगितलेलं. कुठल्या तुकडीने किती टन चढवले ते फळ्यावर लिहायचे आणि अधिकारी त्यावर पैजा लावायचे. पैज साहेबांची, जीव पोरांचा.

स्फोटानंतर गोऱ्या अधिकाऱ्यांना सुट्टी मिळाली. वाचलेल्या काळ्या पोरांना मात्र मित्रांच्या देहाचे तुकडे गोळा करायला लावलं. मृतांच्या घरच्यांना ५,००० डॉलर द्यायचा प्रस्ताव होता. यातले बहुतेक काळे आहेत हे कळल्यावर मिसिसिपीचे खासदार रँकिन म्हणाले, २,००० करा. शेवटी ३,००० वर मिटलं. भाजीबाजारात तरी याहून वेगळं काय होतं?

तीन आठवड्यांनी, ९ ऑगस्टला, उरलेल्यांना पुन्हा तेच काम सांगितलं. तेच अधिकारी, तीच पद्धत. २५८ जण अडले. बाकी कुठलंही काम सांगा, हे नाही. मग ॲडमिरल राइट यांनी समजावलं, म्हणजे युद्धकाळात बंड केल्यास गोळ्या घालतात याची आठवण करून दिली. बहुतेक जण नमले, तरी त्यांनाही शिक्षा झालीच. उरलेल्या ५० जणांवर बंडाचा खटला भरला.

या पन्नासात ऑली ग्रीन नावाचा एक जण होता. आदल्याच दिवशी त्याचं मनगट मोडलेलं. त्याला गोळा उचलता आलाच नसता, पण बंडखोरांच्या यादीत तोही. कोर्टात त्याने तुकड्यांच्या शर्यतीचं सगळं सांगितलं. हळू काम केलं तर कोठडीची धमकी, आणि वरचा साहेब धक्क्यावर आला की म्हणायचे, सावकाश करा! ज्याने कधी मालकाच्या नजरेखाली काम केलंय त्याला हे वेगळं समजवायला नको.

कोर्टाने ८० मिनिटांत पन्नासही जणांना दोषी ठरवलं. मूळ शिक्षा १५ वर्षांची. वकील थरगूड मार्शल, जे पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, ते खटला पाहायला बसत. त्यांनी बाहेर ओरड केली, दबाव वाढला, आणि जानेवारी १९४६ मध्ये बहुतेक जण सुटले. पण नावावरचा डाग तसाच. (पुढच्याच महिन्यात मुंबईत नौदलाच्या 'तलवार' तळावरच्या पोरांनी निकृष्ट जेवण आणि गोऱ्यांच्या शिव्यांवरून संप केला. इंग्रजांनी त्यालाही बंडच म्हटलं.)

माझा राग खरा पुढच्या गोष्टीवर आहे. १९९९ मध्ये क्लिंटन यांनी या पन्नासातल्या फ्रेडी मीक्स यांना माफी दिली. कामाला नकार देण्यात पुढाकार घेणारे जो स्मॉल यांनी मात्र माफी मागायला आधीच नकार दिला होता. माफी मागायची म्हणजे गुन्हा कबूल करायचा, हे त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. १७ जुलै २०२४ ला नौदलाने सगळ्यांना दोषमुक्त केलं. बरोबर ८० वर्षांनी. कारणं काय दिली? सगळ्यांवर एकत्र खटला चालवणं चूक होतं, वकिलाची मदत नीट मिळाली नाही, चौकशीचा अहवाल पूर्ण व्हायच्या आत निकाल लागला.

सगळे मुद्दे बरोबर आहेत. पण त्या पोरांचं म्हणणं एवढंच होतं की हे काम असं केलं तर आम्ही मरू. त्याबद्दल त्या कारणांत मला एक ओळ हवी होती. मीक्स तर २००३ मध्येच गेले.