डासाची प्रतिकारशक्ती आपल्याच बाजूची आहे

गेल्या आठवड्यात आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. थोडक्यात असा: ‘सावधान मुंबईकर! परदेशी कंपन्यांनी जनुक बदललेले डास आपल्या शहरात सोडले आहेत. त्यांना वोल्बाकिया नावाचा जिवाणू टोचला आहे. त्यामुळे त्यांची प्रतिकारशक्ती वाढली असून फवारणीने ते मरत नाहीत. डास चावला की जिवाणू आपल्या रक्तात जातो. डेंग्यू म्हणूनच वाढतोय. दहा ग्रुपवर पाठवा.’ संध्याकाळपर्यंत तोच मेसेज आणखी तीन ठिकाणांहून आला, त्यातला एक माझ्या सख्ख्या मावशीकडून, ‘तू हेच शिकवतेस ना, खरं का गं?’ अशा शेपटासह. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. मावशीला दिलेलं उत्तर जरा लांबलं, ते इथे देते.

सुरुवात प्रतिकारशक्तीपासून, कारण सगळा घोळ तिथे आहे. मराठीत आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींना हा एकच शब्द लावतो. डास औषधाला दाद देईनासा झाला की ‘त्याची प्रतिकारशक्ती वाढली’ म्हणतो. ती कीटकनाशकाची सवय. वर्षानुवर्षं एकच औषध मारलं की जे तगतात त्यांचीच पिलावळ वाढते. दुसरी गोष्ट म्हणजे डासाच्या शरीराची रोगजंतूंशी चालणारी लढाई. वोल्बाकियाचा संबंध या दुसरीशी आहे. आणि ती लढाई डास जिंकला तर फायदा आपला होतो.

ते कसं? डेंग्यूच्या रुग्णाचं रक्त प्यायलेली एडिस मादी (एडिस म्हणजे डेंग्यू पसरवणारा डास) लगेच डेंग्यू पसरवू शकत नाही. विषाणूला आधी तिच्या आतड्याच्या पेशींत शिरावं लागतं, तिथे वाढावं लागतं, मग अंगभर पसरून लाळग्रंथींपर्यंत पोचावं लागतं. या प्रवासाला साधारण ८ ते १२ दिवस लागतात, आणि वाटेत जागोजागी नाकाबंदी असते. डासाला आपल्यासारख्या अँटिबॉडी नसतात, पण त्याच्या पेशी विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय धागा, ओळखून त्याचे तुकडे करतात, जंतुनाशक प्रथिनं सोडतात. त्याच्या आतड्यात राहणारे साधे जिवाणूही या पहाऱ्यात सामील असतात. प्रयोगशाळेत प्रतिजैविक देऊन डासाचं आतडं जिवाणूमुक्त केलं, तर त्यात डेंग्यूचा विषाणू जास्त वाढतो. हिवतापाच्या परजीवीचंही तो पसरवणाऱ्या ॲनोफिलिस डासामध्ये तेच होतं. म्हणजे हे जिवाणू डासाची यंत्रणा सतत जागी ठेवतात. (सगळेच इतके गुणाचे नसतात. सेराशिया मार्सेसेन्स नावाचा एक जिवाणू एडिसच्या आतड्यातलं संरक्षक आवरण पचवून विषाणूला वाट करून देतो. घरातलाच भेदी म्हणा ना.)

वोल्बाकिया आतड्यात नव्हे, पेशींच्या आत राहतो. १९२४ मध्ये हर्टिग आणि वोल्बाक या दोन अमेरिकन संशोधकांना तो क्युलेक्स डासात दिसला. आज माहीत आहे की कीटकांच्या निम्म्याच्या आसपास जातींमध्ये तो असतो: फळमाश्यांत, फुलपाखरांत. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्तीमध्ये मात्र तो निसर्गतः नसतो. म्हणून स्कॉट ओनील यांच्या ऑस्ट्रेलियातल्या गटाने तो फळमाशीतून काढून बारीक सुईने एडिसच्या अंड्यांत सोडला. तेव्हा मेसेजमधला ‘टोचला’ हा शब्द बरोबर आहे, एवढं श्रेय देऊन टाकू. एकदा बसला की पुढे तो आईकडून अंड्यांत आपोआप जातो, टोचत बसावं लागत नाही. एडिसचं शरीर या नव्या पाहुण्यामुळे सावध राहतं, शिवाय विषाणूला वाढायला लागणारं कोलेस्टेरॉल आणि इतर स्निग्ध पदार्थ पाहुणा आधीच वापरतो. परिणामी विषाणू लाळेपर्यंत पोचणं अवघड होतं.

मग फवारणीचं काय? इथे ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोच्या तुबियाकांगा वस्तीतली गंमत सांगायला हवी. तिथे सोडलेले पहिले वोल्बाकियावाले डास टिकलेच नाहीत, कारण प्रयोगशाळेत वाढलेल्या त्या डासांना लोकांच्या घरातल्या नेहमीच्या फवाऱ्यांची सवय नव्हती, पटापट मेले. शेवटी स्थानिक डासांशी संकर करून पुन्हा सोडावे लागले. औषध पचवायची ताकद गावच्या डासांकडूनच घ्यावी लागली, जिवाणूने ती दिली नाही.

आता ‘चावला की रक्तात जातो’. वोल्बाकिया कीटकाच्या पेशीबाहेर फार काळ जगत नाही आणि माणसाच्या पेशींत नांदत नाही. पण मला त्याहून पटणारं उत्तर गटाराशेजारी सापडतं. मुंबईत रात्री कानाशी गुणगुणणारा तो क्युलेक्स. ज्या जातीत १९२४ साली हा जिवाणू सापडला, तिचाच हा सख्खा भाऊबंद, आणि याच्यातही वोल्बाकिया निसर्गतःच असतो. मावशी, तू लालबागला चाळीत वाढलीस, म्हणजे जन्मल्यापासून तू वोल्बाकियावाल्या डासांना रक्त पाजत आली आहेस. एक अपवाद मात्र लपवत नाही: हत्तीरोगाच्या जंतांमध्येही वोल्बाकिया असतो आणि जंतांबरोबर तो माणसाच्या शरीरात येतो. तिथे डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देऊन तो मारला की जंत खचतात. पण तो जंताचा जिवाणू, आणि आजार जंतामुळे.

‘जनुक बदललेले’ ही सरळ गल्लत. वोल्बाकियाच्या पद्धतीत डासाची जनुकं बदलत नाहीत. जनुक बदललेल्या नर डासांची चाचणी वेगळी. तिचं काम २०१७ मध्ये आपल्याच जालना जिल्ह्यात दावलवाडीला सुरू झालं होतं, तेही जाळीच्या पिंजऱ्यांत.

‘शहरात सोडले आहेत’ हे तर गुपचूप करणंच अशक्य. इंडोनेशियात योग्यकर्ताला काय करावं लागलं ते पाहा. शहराचे २४ भाग पाडले, १२ भागांत हे डास, उरलेले तुलनेसाठी. त्या १२ भागांत लोकांच्या अंगणात अंड्यांच्या बादल्या ठेवायच्या, दर दोन आठवड्यांनी बदलायच्या, असं महिनोन्‌महिने. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार तिथे डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी आणि रुग्णालयात दाखल व्हावं लागणारे ८६ टक्क्यांनी कमी होते. ज्या सोसायटीत गच्चीची चावी कोणाकडे यावरून तीन बैठका होतात, तिथे कोणी परकी कंपनी रातोरात बादल्या मांडून जाईल? भारतात हे काम आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्या पुदुच्चेरीतल्या संस्थेत चालतं. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाकडून अंडी आणून, इथल्या एडिसशी संकर करून वसाहती तयार केल्याचं तिने २०२२ मध्ये जाहीर केलं. सोडायला सरकारी परवानगी लागते.

तरी मेसेजमागच्या संशयाला मी हसणार नाही. १९७०च्या दशकात दिल्लीत जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआर यांचं डासांच्या जनुकीय नियंत्रणावरचं केंद्र होतं. १९७४ मध्ये वर्तमानपत्रांतून त्यावर जैविक युद्धाच्या तयारीचा आरोप झाला, संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५ मध्ये कडक ताशेरे ओढले आणि केंद्र बंद पडलं. लोकांना नीट न सांगितल्याची ती किंमत होती, असं माझं मत. इथेही विचारावेत असे प्रश्न आहेतच. नर-मादी दोन्ही सोडले तर सुरुवातीचे काही महिने डास जास्त चावतील, त्याला धारावीतल्या दहा बाय दहाच्या खोलीतलं कुटुंब हो कसं म्हणेल, आणि ते विचारणार कोण? फळमाशीतला प्रकार फार उकाड्यात कमी होतो, म्हणून क्वालालंपूरला उष्णता सोसणारा दुसरा प्रकार वापरला. आपल्या पत्र्याखालच्या पिंपांसाठी कोणता? यातलं एकही वाक्य त्या मेसेजमध्ये नव्हतं.

राहिलं ‘डेंग्यू म्हणूनच वाढतोय’. एडिसला साचलेलं स्वच्छ पाणी लागतं: ताडपत्रीची घडी, टायर, मनी प्लांटची बाटली, फ्रिजमागचा ट्रे. त्याची अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात आणि पहिल्या सरीबरोबर फुटतात. त्यामुळे भांडं नुसतं उपडं करून भागत नाही, आतून घासावं लागतं. धूरफवारणीने उडते डास मरतात, अंडी नाहीत.

मावशीचं उत्तर आलं: ‘बरं. पण मी दहा ग्रुपवर पाठवून बसले गं.’ म्हटलं, त्याच दहांवर आता हेही पाठव.