एकास पस्तीस

आमच्या घरात दोन माणसं राहतात. एक जण सतत पुसत असतो. दुसरी गेले सहा आठवडे एक रणगाडा मळवते आहे. दुसरी म्हणजे मी.

रणगाडा टायगर आहे, दुसऱ्या महायुद्धातला जर्मन. खरा तोफेसकट जवळजवळ साडेआठ मीटर लांब आणि सत्तावन्न टनांचा. माझा चोवीस सेंटिमीटरचा, आणि वजन म्हणाल तर जोरात शिंकलं की सरकतो. प्लॅस्टिकचा, एकास पस्तीस मापाचा. हा पस्तीस कुठून आला असं कोणी विचारलं की पूर्वी मी गंभीर चेहरा करायचे, जणू त्यामागे मोठं लष्करी गणित आहे. खरी हकिगत अशी, की १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तामिया या जपानी कंपनीने पँथर रणगाड्याचं किट काढलं, तेव्हा आत मोटर आणि दोन बॅटऱ्या मावल्या पाहिजेत या हिशेबाने त्याचा आकार ठरवला. नंतर मोजून पाहिलं तर तो एकास पस्तीसच्या आसपास भरला. मग हळूहळू बाकीच्यांनीही तेच माप उचललं. म्हणजे माझे हे सहा आठवडे दोन बॅटऱ्यांच्या लांबीरुंदीवर बेतलेले आहेत.

जोडणीबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे, बोट चिकटलं की सोडवायचं. छळ सुरू होतो तो रंगापासून. टायगरच्या एका बाजूला आठ दांडे, प्रत्येक दांड्यावर तीन चाकं. दोन्ही बाजू मिळून अठ्ठेचाळीस. प्रत्येक चाकाला रबरी धाव, आणि ती धाव काळपट करड्या रंगाने हाताने रंगवायची, तीही श्वास रोखून. एकोणिसाव्या चाकाला मला श्वास घ्यायची आठवण झाली. बरं, ही चाकं एकमेकांत अशी गुंतलेली, की बसवल्यावर निम्म्याहून जास्त दिसतच नाहीत. पण मला माहीत असतं ना, की ती आत आहेत! (रशियातल्या हिवाळ्यात याच चाकांच्या फटींत चिखल अडकायचा, रात्रीत गोठायचा, आणि सकाळी ते धूड जागचं हलायचं नाही. हे वाचल्यावर मला फार बरं वाटलं. या चाकांनी फक्त मलाच रडवलेलं नाही.)

मग मुख्य रंग. फेब्रुवारी १९४३ मध्ये जर्मन सैन्याने हुकूम काढला की यापुढे रणगाडे करड्याऐवजी गडद पिवळे रंगवायचे. डुंकेलगेल्ब त्याचं नाव. हा पिवळा नेमका कसा, यावरून मॉडेल करणाऱ्यांमध्ये जी भांडणं होतात, ती पाहता मूळ युद्ध लवकर आटोपलं म्हणायचं. कोणी म्हणतं वाळूसारखा, कोणी म्हणतं हिरवट, कोणी म्हणतं तुमचा डबाच चुकीचा आहे. फोटो बहुतेक काळे-पांढरे. त्या पिवळ्यावर हिरवे आणि तांबूस पट्टे मारायचे, तर तो रंग प्रत्यक्ष आघाडीवर घट्ट लगद्याच्या रूपात डब्यांतून यायचा आणि रणगाड्यावरचे शिपाई त्यात पेट्रोल नाहीतर पाणी, जे हाताशी असेल ते ओतून तो मारायचे. समोर शत्रू असताना माणूस प्रमाण मोजत बसत नाही. मी मात्र ड्रॉपरने थिनरचे थेंब मोजते, रंग दुधाइतका पातळ झालाय का ते बघते, रंग फवारणाऱ्या एअरब्रशचा दाब तपासते, आणि शेवटी पट्टा जिथे नको तिथेच जाड येतो.

असो. दोन आठवड्यांनी रणगाडा रंगवून झाला. स्वच्छ, एकसारखा, कुठे डाग नाही. नवऱ्याने तो तळहातावर घेऊन सगळीकडून पाहिला. गेल्या कित्येक महिन्यांत मी केलेली ही पहिलीच गोष्ट, जिला तो काही पुसायला गेला नाही.

"सुंदर," तो म्हणाला. "आता काचेच्या कपाटात ठेव."

"अरे, अजून कुठे! आता तो घाण करायचाय."

तो काही बोलला नाही. फक्त रणगाडा माझ्यापासून दूर, टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला ठेवला.

याला वेदरिंग म्हणतात. ऊन, पाऊस, चिखल, गंज, तेल, बुटांचे तळवे यांनी यंत्राचं जे होतं, ते ब्रशने करायचं. बायका वय लपवण्यासाठी रंग लावतात असं ऐकत मी मोठी झाले. इथे तीन-चार महिन्यांच्या पोराला आजोबा करण्यासाठी लावायचा. मेकअपचं सगळं सामान मात्र या कामाला लागतं. स्पंजचे तुकडे रंगाचे टवके उडालेले दाखवायला, आयलायनरचा ब्रश फटींतल्या काळपटपणाला. हेअरस्प्रे मी केसांना आजवर कधी मारलेला नाही, रणगाड्याला मात्र दोन हात दिले. त्यातली गंमत अशी. आधी गंजाचा रंग द्यायचा, त्यावर हेअरस्प्रे, त्यावर अॅक्रिलिकचा वरचा रंग. मग पाण्याने ओलं करून ताठ ब्रशने घासलं की खालचा हेअरस्प्रे विरघळतो आणि वरचा रंग खऱ्यासारखा कपच्या-कपच्यांनी निघतो. नवरा दारातून म्हणाला, "छान वास येतोय. कुठे बाहेर चाललीयस का?" मी गंजलेल्या बोटांनी त्याला नाही म्हणून खूण केली.

आता घोटाळा असा, की टवका उडवणं हे व्यसन आहे. एक उडवला की शेजारचा भाग नवाकोरा दिसायला लागतो. मग तिथे एक. मग समोरच्या बाजूला एकही नाही म्हणून तिथे चार. रात्री बारा वाजता माझ्या टायगरला देवी आल्या होत्या. आणि घाणीलाही माप असतं, हे मला तेव्हा कळलं. मॉडेलवर एक मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटरचा. मी तर नखाएवढे टवके उडवले होते. त्या हिशेबाने शिपायांनी रणगाड्यावर कुऱ्हाडी चालवल्या असाव्यात. वॉर्निशमध्ये माझा एक केस अडकला होता. माणसाचा केस पस्तीसपट केला तर साधारण अडीच मिलिमीटर जाडीची तार होते. तशी तार टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजावर, आडवी पडलेली, कशालाच न जोडलेली. ती मी चिमट्याने काढायला गेले, तर केस आला आणि सोबत त्याच्याखालचा रंगही. म्हणजे आणखी एक टवका.

"हा किती जुना आहे?" नवऱ्याने विचारलं.

"जुलै १९४३. रशियातली कुर्स्कची लढाई."

"तसं नाही. कारखान्यातून निघून त्याला किती दिवस झालेत?"

"असतील तीन-चार महिने."

"तीन महिन्यांत इतका गंज? आपल्या फाटकाला दहा वर्षांत एवढा आला नाही."

मला राग आला, कारण तो बरोबर होता. समोरची शंभर मिलिमीटरची पोलादी पाटी काही महिन्यांत सडत नाही. फार तर वरवर तांबूस होते. गंज धरतो तो मागच्या एक्झॉस्टभोवतीचा पातळ पत्रा, जो तापतो, निवतो, भिजतो आणि पुन्हा तापतो. मी एक्झॉस्ट सोडून सगळीकडे गंज दिला होता. मुकाट्याने पुन्हा पिवळा रंग काढला.

तेलरंगाच्या वॉशचं मी थोडक्यात सांगते, कारण आठवलं की अजून पोटात कालवतं. तपकिरी तेलरंग व्हाइट स्पिरिटमध्ये अगदी पातळ करायचा आणि ब्रशचं टोक नुसतं फटीला टेकवायचं. रंग आपोआप फटीतून पळत जातो. बघताना इतकं भान हरपतं की हात थांबत नाही. मी चाकांच्या दांड्यांवर सढळ हाताने सोडला. व्हाइट स्पिरिट जास्त झालं की ताणाखालचं प्लॅस्टिक ठिसूळ होऊन तडकतं, हे मी कुठेतरी वाचलं होतं आणि विसरले होते. रात्री शांततेत 'टक' असा आवाज झाला. सकाळी बाहेरच्या रांगेतलं एक चाक टेबलावर, धाव वर करून पडलेलं. एकोणिसावंच असणार. आगगाडीतून नेताना टायगरची बाहेरची चाकं काढून ठेवायचे, हा मुद्दा मी दोन दिवस सगळ्यांना ऐकवला. मग एका संध्याकाळी गुपचूप ते चिकटवलं.

यानंतर जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. नवरा खुर्ची ओढून शेजारी बसला.

"ही धूळ चुकलीय," तो म्हणाला. "धूळ सपाट जागेच्या मधोमध राहत नाही. कोपऱ्यात जाते. कडेला, बिजागरीखाली, जिथे फडकं पोचत नाही तिथे." मी ब्रश उचलला. "आणि लोक वर चढतात कुठून? तिथली धूळ पायांनी निघणार. झाकणाच्या कडेला हात लागून रंग घासून चकचकीत होणार. पाण्याचे ओघळ खाली जातात गं, तू तिरपे काढलेस." मग चष्मा लावून, "तेल भरतात ते भोक कुठलं? तिथे सांडणारच. मी तरी सांडलं असतं."

वीस वर्षं घाणीशी लढलेला माणूस. तिच्या येण्याजाण्याच्या वाटा त्याला तोंडपाठ. मी पुस्तकं वाचून, फोटो जमवून जे शिकले नव्हते ते हा झाडू मारता मारता शिकला होता. पुढचे तीन दिवस त्याने सांगावं आणि मी मळवावं असं चाललं. तिसऱ्या दिवशी तर तो म्हणाला, "इकडे अजून थोडी घाण टाक." हे वाक्य त्याच्या तोंडून निघाल्यावर आम्ही दोघंही क्षणभर गप्प झालो.

शेवटचा टप्पा पिगमेंटचा. ही रंगाची कोरडी पूड, मैद्याहून बारीक. चाकांवर, ट्रॅकवर (चाकांभोवतीच्या साखळीपट्ट्यावर), मडगार्डवर ती अलगद सोडायची आणि व्हाइट स्पिरिटचा थेंब देऊन बसवायची. ओली झाली की ती दिसेनाशी होते, म्हणून माणूस आणखी घालतो. वाळली की आधीची आणि नंतरची दोन्ही मिळून उगवते. ट्रॅकच्या एका बाजूला शहाण्णव कड्या. मी सगळ्या कड्यांच्या खाचा भरल्या आणि जमिनीला घासणाऱ्या कडा तेवढ्या उघड्या, धातूच्या ठेवल्या. खरंच जमलं होतं. कुर्स्कचा उन्हाळा त्या चोवीस सेंटिमीटरमध्ये उतरला होता. बरण्यांची झाकणं लावायची बाकी होती.

नवरा कौतुकाने आत आला. "स्पिरिटचा केवढा वास कोंडलाय," म्हणाला आणि पंखा लावला. पाचवर.

खोलीत जे उठलं त्याला ढग म्हणता येईल. तो पडद्यावर गेला, पुस्तकांवर गेला, पांढऱ्या भिंतीवर गेला आणि सावकाश खाली बसला. कोपऱ्यात, कडेला, जिथे फडकं पोचत नाही तिथे. रणगाड्यावर मात्र काही फरक दिसत नव्हता.

नवऱ्याने पंखा बंद केला. पुस्तकांच्या फळीवरून एक बोट फिरवलं, डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.

"हे कुठल्या मापाचं?"

मी फळीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं.

"एकास एक," मी म्हटलं.

त्याने खिशातलं फडकं काढून माझ्या हातात दिलं.